बी पॉझिटिव्ह... पण कसं?

सुरुवातीलाच एक कबुली देते. मी पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये शिकले. मराठीत निबंध लिहिले ते दहावीच्या परीक्षेपुरते. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी दुरुस्त कराव्यात आणि उरलेल्या तुम्ही पोटात घालाव्यात, ही विनंती!

शाळेत मॉरल सायन्सच्या तासाला सिस्टर नेहमी सांगायच्या, "बी पॉझिटिव्ह." आम्ही मागच्या बाकावर कुजबुजायचो, "सिस्टर, माझा तर ओ पॉझिटिव्ह आहे!" शाळा संपली, जोक संपला आणि हॉस्टेलला आल्यावर कळलं की हे दोन शब्द बोलायला जितके सोपे, तितकेच पाळायला अवघड. सकाळी मेसमध्ये पोह्यांची प्लेट घेऊन पेपर उघडावा तर अपघात, घोटाळे, कुठे परीक्षेचा पेपर फुटला, कुठे कंपनीने माणसं कमी केली. पेपर बाजूला ठेवला तर मोबाइलवर तेच. वरून सीनियर्स म्हणतात, "यंदा कॅम्पसचं काही खरं नाही." मग पॉझिटिव्ह राहायचं कसं? आणि जिथे आपलंच काही खरं नाही, तिथे दुसऱ्यासाठी वेळ तरी कशाला घालवायचा?

मागच्या सेमिस्टरला हा प्रश्न माझ्यासमोर खरोखरच येऊन उभा राहिला.

आमच्या लेडीज हॉस्टेलच्या मागे एका इमारतीचं बांधकाम चालू आहे. तिथल्या मजुरांच्या मुलांना आम्ही चौघी दर रविवारी सकाळी दोन तास शिकवायला जायचो. सुरुवातीला १४ मुलं होती. दिवाळीच्या सुट्टीवरून परत आलो, तर उरली होती ५. स्लॅबचं काम संपलं तशी बाकीची कुटुंबं दुसऱ्या साइटवर निघून गेली. कुठे, ते मुकादमालाही धड सांगता येईना. त्यांतली एक मुलगी नुकतीच हातच्याची वजाबाकी शिकली होती. "पुढच्या रविवारी भागाकार," असं मी तिला सांगून ठेवलं होतं.

मला वाईट वाटलं आणि खरं सांगते, रागही आला. एवढे रविवार फुकट गेले! मी जाणं बंद केलं. बाकीच्या तिघीही हळूहळू थांबल्या. वॉचमनकाका एकदा म्हणाले, "ताई, पोरं रविवारी गेटपाशी येऊन उभी राहतात." मी सांगितलं, "काका, सबमिशन आहे." सबमिशन बुधवारीच झालं होतं.

जानेवारीत मावशीकडे गेले. ती सांगली जिल्ह्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. रात्री जेवताना तिला माझी रडकथा सांगितली. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "अगं, आमच्याकडे दरवर्षी ऊसतोडीला माणसं येतात आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की जातात. कोप्यांमध्ये जाऊन त्यांच्या पोरांना आम्ही पोलिओचे थेंब पाजतो. पुढच्या डोसाला ती पोरं बीडला असतात नाहीतर आणखी कुठे. मग आमचे थेंब वाया गेले म्हणायचे का? पुढचे तिथली बाई पाजते."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. परत आल्यावर लायब्ररीत बसून मी पोलिओबद्दल वाचायला घेतलं. त्यातून जे कळलं, ते तुम्हांला सांगते.

भारतात पल्स पोलिओ मोहीम १९९५ साली सुरू झाली. एका रविवारी बूथवर, नंतर घरोघरी, ५ वर्षांच्या आतल्या प्रत्येक मुलाला दोन थेंब. थेंब दिले की डाव्या करंगळीच्या नखावर मार्करची खूण. घराच्या भिंतीवर खडूने इंग्रजी अक्षर: सगळ्या मुलांना डोस मिळाला असेल तर 'पी', कुणी राहिलं असेल तर 'एक्स'. 'एक्स'च्या घरी परत जायचं. लसीच्या बाटलीवर एक छोटा चौकोन असतो. लसीला उष्णता लागली की त्याचा रंग गडद होत जातो. वर्तुळाइतका गडद झाला की ती बाटली वापरायची नाही. किती साधं इंजिनिअरिंग!

आता आकडे बघा. मोहिमेला १४ वर्षं झाल्यावर, म्हणजे २००९ साली, भारतात पोलिओचे ७४१ रुग्ण सापडले. त्या वर्षी जगातल्या एकूण रुग्णांपैकी जवळजवळ निम्मे आपल्याच देशात होते. शिवाय पोलिओच्या विषाणूची लागण झालेल्या साधारण २०० मुलांपैकी एकालाच पांगळेपण येतं. म्हणजे ७४१ हा नुसता वर दिसणारा आकडा होता. त्या दिवशी पेपर वाचणाऱ्या माणसाला काय वाटलं असेल? "१४ वर्षं थेंब पाजताय आणि हे फळ?" मी असते तर 'सबमिशन आहे' म्हणून घरी बसले असते!

पण मोहीम थांबली नाही. २०१० साली रुग्ण किती? ४२. २०११ साली? फक्त १. पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यातली ती लहान मुलगी नैसर्गिक (वाइल्ड) पोलिओ विषाणूची भारतातली शेवटची रुग्ण ठरली. २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र दिलं.

हे नुसतं 'पॉझिटिव्ह' राहून झालं का? नाही. ७४१ हा आकडा कुणी लपवला नाही. तो आला कुठून, ते शोधलं. उत्तर प्रदेश आणि बिहारमधले सर्वांत धोक्याचे १०७ ब्लॉक निवडून तिथे जोर लावला. २०१० पासून दोन प्रकारच्या विषाणूंवर जास्त चांगलं काम करणारी लस वापरात आणली. आणि सतत जागा बदलणाऱ्या लोकांची मुलं सुटतात हे ओळखून वीटभट्ट्या, बांधकामाच्या साइट्स, रेल्वे स्टेशनं इथे जाऊन थेंब पाजले. बांधकामाच्या साइट्स! हे वाचताना मी पुस्तक मिटलं आणि खिडकीतून मागच्या इमारतीकडे बघत बसले.

मग मला एवढं निराश करत होतं ते काय? याचंही उत्तर सापडलं. एक छोटा प्रयोग करा. इंग्रजीत 'के'ने सुरू होणारे शब्द जास्त, की 'के' तिसरं अक्षर असलेले? बहुतेक लोक पहिलं उत्तर देतात. बरोबर उत्तर मात्र दुसरं आहे. ट्वेर्स्की आणि कानेमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी हे १९७३ साली दाखवलं. (कानेमन यांना २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.) जे पटकन आठवतं, ते जास्त आहे असं आपल्या मनाला वाटतं. बातम्यांचंही तसंच. अपघात एका क्षणात होतो, त्याची बातमी होते. एक बाई उन्हात ४० घरं फिरून थेंब पाजते, त्याची बातमी कशी होणार? बातमी खोटी नसते, पण ती सगळं चित्रही नसते. ज्या सेन्सरला फक्त धक्केच कळतात, त्याच्या रीडिंगवरून आपण पूर्ण मशीनबद्दल मत बनवतो का?

मी यातून काय शिकले, ते थोडक्यात:

१. वाईट बातमीकडे पाठ फिरवू नका. ती भिंतीवरचा 'एक्स' आहे. परत कुठे जायचं, ते ती सांगते.

२. मदत मूडवर ठेवू नका, वारावर ठेवा. मूड रोजच्या पेपरबरोबर बदलतो. रविवार दर सात दिवसांनी येतोच.

३. आपण दिलेल्याचा शेवट आपल्याला दिसेलच असं नाही. २००९ साली मी जेमतेम शाळेत जायला लागले होते. माझ्याही करंगळीवर कुणीतरी खूण केली असणार. त्या बाईंचं नाव मला माहीत नाही आणि त्यांना माझं. पण मी आज दोन पायांवर लेक्चरला जाते (उशिरा का होईना!).

फेब्रुवारीपासून आम्ही पुन्हा रविवारी जायला लागलो. गेटपाशी ५ पैकी ३ मुलं भेटली. या वेळी एक बदल केला. प्रत्येक मुलाला एक जाड पुठ्ठ्याचं कार्ड दिलं. त्यावर त्याला काय येतं आणि पुढे काय शिकवायचं, ते मराठी आणि हिंदीत लिहिलं. कुटुंब हललं तर कार्ड बरोबर जाईल. पुढच्या ठिकाणी ते कुणी वाचेल का? वाचेल असं धरून लिहितो.

मागच्या महिन्यात साइटवर प्लास्टरचं काम करणारी नवीन कुटुंबं आली. त्यांतल्या एका मुलाला मी 'क'पासून शिकवायला घेतलं, तर त्याने न अडखळता अख्खी बाराखडी म्हणून दाखवली. मी विचारलं, "तुला कुणी रे शिकवली?" तो म्हणाला, "तिकडच्या साइटवरच्या ताईने."

ती ताई कोण, मला माहीत नाही. तिलाही वाटलं असेल का, की आपले रविवार फुकट गेले?

तर मित्रमैत्रिणींनो, दर रविवारी सकाळी ९ वाजता, लेडीज हॉस्टेलच्या मागचं गेट. भागाकार शिकवायला माणसं कमी पडताहेत. सबमिशन असलं तरी या!