नाताळच्या कार्डांसाठी रंगीत पार्श्वभूमी : शाई आणि रंगाची पूड



गेल्या नाताळात आपल्या मुलांनी घरी अंथरुणाला खिळलेल्या आजाऱ्यांसाठी कार्डे बनवली होती. मे महिन्यात एका आजीबाईंना ख्रिस्तशरीर द्यायला गेलो, तेव्हा ते कार्ड खिडकीशी टाचलेले दिसले. आजी म्हणाल्या, ‘‘फादर, रंग उडाला बघा. कोणी काढलं होतं तेही आता वाचता येत नाही.’’ मुलाने नावही त्याच शाईने लिहिले होते! दोष मुलाचा नव्हता. शाई मीच आणून दिली होती आणि ती कोणत्या जातीची आहे हे मी विचारलेच नव्हते. तेव्हापासून मी या विषयाचा थोडा अभ्यास केला. तो आपल्यापुढे ठेवतो.

रंग दोन जातींचे असतात. एक पाण्यात साखरेसारखा पूर्ण विरघळतो. तो कागदात मुरतो आणि झळझळीत दिसतो, पण उन्हापुढे लवकर हार मानतो. दुसरा तांदळाच्या पिठासारखा पाण्यात नुसता तरंगतो आणि थोड्या वेळाने तळाशी बसतो. त्याला रंगद्रव्य म्हणतात. त्याचे कण कागदाच्या वर राहतात, त्यामुळे ते साधारणपणे जास्त काळ टिकते, मात्र कागदाला धरून ठेवण्यासाठी त्याला डिंकासारखे काहीतरी लागते. ही एवढी गोष्ट कळली की पुढचे सारे सोपे आहे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ‘रंग हा वस्तूचा गुण, वस्तू नव्हे’ हे वाक्य पाठ केले होते. त्याचा अर्थ मला त्या खिडकीपाशी समजला असे म्हटले तरी चालेल.

आता कृती. कागद जलरंगाचा, ३०० ग्रॅम वजनाचा घ्यावा. साधा कार्डशीट पाण्याने वाकडा होतो आणि घासला की त्याचा लगदा निघतो. कागद कार्डापेक्षा सर्व बाजूंनी अर्धा सेंटिमीटर लहान कापावा, म्हणजे चिकटवल्यावर पांढरी चौकट उरते. गुळगुळीत फरशीवर किंवा जुन्या प्लास्टिकवर शाईचे तीन-चार थेंब टाकावेत, वर पाण्याचा फवारा मारावा आणि कागद पालथा टेकवून उचलावा. मग थांबावे. मुले इथेच घाई करतात. ओल्यावर ओले टाकले की निळा, पिवळा, लाल सारे मिसळून चिखलाचा रंग होतो. पहिला थर सुकला की उरलेल्या पांढऱ्या जागी दुसरा द्यावा. शेजारचे रंग घ्यावेत: निळा, हिरवा, पिवळा. लाल आणि हिरवा नाताळचे रंग खरे, पण ओले असताना त्यांची गाठ घालू नये.

शाईची कोरडी पूडही मिळते. इंग्लंडमधील शेफिल्डच्या कलरक्राफ्ट कंपनीची ‘ब्रुशो’ ही त्यातली प्रसिद्ध. डबीचे झाकण उघडू नये, त्याला टाचणीने एक भोक पाडावे आणि मिठासारखी चिमूटभर शिंपडावी. वरून, हातभर अंतरावरून, पाणी फवारावे. एकेक कण फुटून फुलासारखा पसरतो. जांभळ्यातून निळा आणि लाल वेगळे झालेले दिसतात, कारण मुळात ते मिश्रणच असते. ही पूड पहिल्या जातीची, म्हणजे विरघळणारी, म्हणून खिडकीत ठेवायच्या कार्डावर तिचा भरवसा धरू नका. आधी मेणबत्तीने कागदावर तारा काढून ठेवला तर तेवढी जागा पांढरी राहते. ओल्या रंगावर जाडे मीठ टाकले तर ते पाणी शोषते आणि चांदण्यांसारखे ठिपके उमटतात.

एक सूचना अनुभवाची. पंखा बंद करा. मी केला नव्हता. माझ्या पांढऱ्या झग्यावर जांभळे ठिपके अजून आहेत. पूड बारीक असते, नाकातोंडात जाते, म्हणून रुमाल बांधावा आणि लहान मुलांच्या हाती डबी देऊ नये.

शेवटी चमकणारी पूड. ती बहुतेक अभ्रकाची असते. काही डब्यांत चिकटवणारे द्रव्य आधीच मिसळलेले असते, तिथे नुसता ओलावा पुरतो. नसेल तर एक चमचा डिंक चार चमचे गरम पाण्यात रात्रभर भिजवून गाळावा आणि त्यात पूड कालवावी. सुकल्यावर पांढऱ्या फडक्याने हलकेच पुसून पाहा. फडके चमकले तर डिंक कमी पडला.

मात्र याबाबत एक गोष्ट मला अस्वस्थ करते. झारखंडमधील कोडरमा, गिरिडीह आणि बिहारमधील नवादा या भागात सोडून दिलेल्या खाणींतून लहान मुले अभ्रकाचे तुकडे वेचतात, हे अनेकदा उघड झाले आहे. २०१७ साली अभ्रक वापरणाऱ्या कंपन्यांनी यावर उपाय म्हणून ‘रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह’ ही संस्था उभी केली. मुलांनी वेचलेल्या चमकीने आपल्या मुलांनी येशूबाळाचा तारा सजवावा, हे माझ्या मनाला पटत नाही. कारखान्यात तयार केलेले कृत्रिम अभ्रकही मिळते. डबीवर तसे लिहिलेले असेल तरच घ्या. नसेल तर मेणबत्तीचा पांढरा तारा पुरे.

आगमन काळाच्या पहिल्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर शाळेच्या खोलीत आपण हे करून पाहू. जुना शर्ट, फवाऱ्याची बाटली आणि मेणबत्तीचा तुकडा आणावा. कागद आणि रंगद्रव्याची शाई धर्मग्रामातर्फे मिळेल. आतले नाव पेन्सिलीने लिहायचे आहे.

तुमचा,
धर्मगुरू