मालेगावचा सुपरमॅन

(एखादा चित्रपट फार आवडला की त्याचे चाहते कधी कधी स्वतःच तसा चित्रपट बनवू लागतात. आपल्या शेजारच्या मालेगावात असे घडले. कमी साधनांत, पण मोठ्या हौसेने केलेल्या या कामाची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे.)

धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने मुंबईकडे निघाले की सुमारे ५० किलोमीटरवर मालेगाव लागते. हे शहर नाशिक जिल्ह्यात आहे. पण ते खानदेशाच्या वेशीवरच वसले आहे. येथून वाहणारी गिरणा नदी पुढे जळगाव जिल्ह्यात जाऊन तापीला मिळते.

मालेगाव हे यंत्रमागांचे शहर. आठवडाभर मागांची खडखड चालते. शुक्रवारी माग बंद असतात. त्या दिवशी कामगार चित्रपट पाहायला गर्दी करत. नासिर शेख हे येथे व्हिडिओगृह चालवत होते. चित्रपट दाखवता दाखवता त्यांना चित्रपट बनवण्याची ओढ लागली. दोन व्हीसीआर जोडून ते संकलन शिकले. सुमारे ५०,००० रुपयांत त्यांनी ‘मालेगाव के शोले’ तयार केला. त्यात गब्बरसिंगचा रबरसिंग झाला आणि बसंतीची बासमती झाली. घोडे कुठून आणणार? म्हणून डाकू सायकलींवरून आले! लोक पोट धरून हसले.

मग नासिर शेख यांनी सुपरमॅनला हात घातला. सुपरमॅन हा दुसऱ्या ग्रहावरून पृथ्वीवर आलेला, आकाशात उडणारा वीर. अमेरिकेतील जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुण मित्रांनी त्याला जन्म दिला. १९३८ साली तो चित्रकथेतून प्रथम वाचकांसमोर आला. पुढे त्याच्यावर प्रचंड खर्चाचे चित्रपट निघाले. मालेगावकरांकडे तेवढा पैसा कोठला? त्यांचा सुपरमॅन होता शफीक शेख हा यंत्रमागावर काम करणारा किडकिडीत तरुण. त्याच्या लाल चड्डीची नाडी बाहेर लोंबत असे.

पण माणसाला उडवायचे कसे? त्यासाठी त्याच्यामागे हिरवे कापड लावतात. चित्रीकरण झाल्यावर संगणक हिरवा भाग तेवढा काढून टाकतो आणि त्या जागी आकाशाचे चित्र बसवतो. मग माणूस आकाशात उडतो आहे असे वाटते. सुपरमॅनचा पोशाख निळा असतो. कापडही निळेच लावले तर कापडाबरोबर पोशाखही नाहीसा होईल! म्हणून येथे हिरवे कापड उपयोगी पडते. कॅमेरा उंच नेण्यासाठी बैलगाडी होती आणि तो पुढे सरकवण्यासाठी सायकल. एकदा तर कॅमेरा पाण्यात पडला आणि काम अडले. तरी कोणी हिंमत सोडली नाही.

काही लोक विचारतील, “ही तर नक्कल! यात मोठे काय?” प्रश्न योग्य आहे. सुपरमॅनची कथा मालेगावकरांची नव्हती. दुसऱ्याच्या कथेवर त्याचा हक्क असतो, हेही आपण विसरू नये. पण त्यांनी त्या कथेत आपली बोली, आपल्या गल्ल्या आणि आपली थट्टा घातली. मूल आधी मोठ्यांचे अक्षर गिरवते, मग त्याचे स्वतःचे वळण तयार होते. मालेगावात तसेच झाले.

फैजा अहमद खान यांनी या चित्रपटाची जडणघडण ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात टिपली. तो २००८ साली पूर्ण झाला आणि २०१२ साली भारतातील चित्रपटगृहांत लागला. तो दिवस पाहायला शफीक नव्हता. २०११ साली कर्करोगाने त्याचा अंत झाला होता. पुढे रीमा कागती यांनी या मित्रांच्या जीवनावर ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा चित्रपट काढला. तो २०२५ साली प्रदर्शित झाला. ज्या गावात मोठ्या चित्रपटांची नक्कल होत होती, त्याच गावावर मोठा चित्रपट निघाला.

शफीक फार जगला नाही. मागावर उभा राहून घाम गाळणारा हा तरुण पडद्यावर मात्र मालेगावच्या घरांवरून उडतो आहे.

शब्दार्थ
यंत्रमाग – विजेवर चालणारा कापड विणण्याचा माग
संकलन – चित्रीकरणाचे तुकडे निवडून जोडणे
किडकिडीत – फार बारीक अंगाचा
माहितीपट – खऱ्या घटना दाखवणारा चित्रपट

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मालेगावात माग कोणत्या दिवशी बंद असतात?
(आ) सुपरमॅन वाचकांसमोर प्रथम केव्हा आला?
२. सुपरमॅनसाठी निळे कापड का चालत नाही, ते सांगा.
३. नक्कल आणि स्वतःची निर्मिती यांत काय फरक आहे? पाच-सहा ओळी लिहा.
४. उपक्रम : आवडत्या कथेतील वीर तुमच्या गावात आला तर काय होईल, ते वर्गात सांगा.