नाव गेलंय? मग आडनाव लावा!

डोमेन नेम म्हणजे काय, हे आपण नेटवर्क्सच्या पेपरात चार मार्कांसाठी लिहून येतो. मीही लिहिलं होतं, मार्कही पडले होते. पण तो प्रश्न खरा कळला तो दिवाळीच्या सुट्टीत, आमच्या कारंजा लाडला, काकांच्या लॉजच्या काउंटरवर!

आमचं कारंजा हे श्री नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान. गुरुमंदिराच्या दर्शनाला बाराही महिने बाहेरगावचे भक्त येतात. त्यांच्यासाठी काकांचं आठ खोल्यांचं लॉज आहे. (नाव देत नाही, नाहीतर संपादक म्हणतील जाहिरात करतोय!) त्या दिवशी रात्री आठला फोन आला. "आम्ही कारंज्यात पोचलो, गुरुमंदिर कुठे आहे?" काकांनी विचारलं, "तुम्ही हायवेवर आहात का?" मंडळी नागपूरहून कारने निघाली होती. अमरावतीच्या रस्त्यावर 'कारंजा' अशी पाटी दिसली आणि गाडी आत वळवली. ते होतं वर्धा जिल्ह्यातलं कारंजा घाडगे! सोबत ऐंशीच्या घरातल्या आजी. अमरावती ओलांडून आमच्याकडे येईपर्यंत मध्यरात्र झाली. आजी गाडीतून उतरल्या तेव्हा त्यांना धड उभंही राहवत नव्हतं.

काका कोणावर चिडले नाहीत. लॉजचं कार्ड काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवलं. त्यावर नुसतं 'कारंजा' छापलेलं होतं. "चूक आपलीच आहे. तू इंजिनिअर होऊन राहिला ना? मंग लॉजची वेबसाइट काढून दे. लोकायले पत्ता नीट कळला पाह्यजे."

झालं! मी लॅपटॉप उघडला. लॉजचं नाव आणि पुढे डॉट कॉम टाकलं, तर ते गेलेलं. दत्तक्षेत्रातलं नाव ते, प्रत्येक गावात त्या नावाचं एखादं हॉटेल असतंच. मग नुसतं 'कारंजा' टाकून पाहिलं. तेही गेलेलं! मला आधी राग आला, मग विचार केला. घाडगेंचं कारंजा आहे, रायगड जिल्ह्यात उरणजवळ समुद्राकाठी एक कारंजा आहे आणि केनियात तर 'करांजा' हे आडनाव आहे. १९८८-८९ मध्ये तिथले उपराष्ट्राध्यक्ष जोसेफॅट करांजा होते. इंग्रजीत स्पेलिंग एकच. म्हणजे हे नाव मागायला अर्धं जग रांगेत उभं!

एकाच नावाला दोन मालक का नाहीत?

कॉम्प्युटरला नाव लागत नाही, आकडा लागतो. पोस्टाचंही तसंच आहे. कारंजा लाडचा पिनकोड ४४४१०५, कारंजा घाडगेचा ४४२२०३. तिथे गोंधळ नाही. पण माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत. म्हणून १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी नावावरून आकडा शोधून देणारी डीएनएस ही पद्धत मांडली. तिच्यात नाव उजवीकडून डावीकडे वाचलं जातं. आधी 'इन' किंवा 'कॉम', मग त्यातलं नाव.

आपल्या होस्टेलचंच उदाहरण घ्या. ए विंगमध्ये १०४ नंबरची खोली आहे, बी विंगमध्येही आहे. पण एकाच विंगमध्ये दोन १०४ असतील तर मेसचा डबा कोणाकडे जाणार? डॉट कॉम ही एक विंग, डॉट इन ही दुसरी. एका विंगमध्ये एक नाव एकदाच, आणि जो आधी येईल त्याचं.

मग करायचं काय?

काकांसाठी शोधाशोध करताना मी जे शिकलो ते क्रमाने सांगतो.

१) आधी चौकशी करा. पूर्वी यासाठी 'हूइज' होतं. डॉट कॉमसारख्या नावांसाठी २०२५ पासून त्याची जागा 'आरडॅप'ने घेतली आहे. मालकाचं नाव बहुधा लपवलेलं असतं, पण मुदत कधी संपते ते दिसतं. मात्र मुदत संपली की नाव आपलं, असं समजू नका. डॉट कॉममध्ये साधारणपणे जुन्या मालकाला ४५ दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते, मग ३० दिवस नाव सोडवून घेण्याची संधी, त्यानंतर ५ दिवसांनी ते मोकळं होतं. तोवर काकांचे यात्रेकरू थांबणार आहेत का?

२) नाव बिघडवू नका. माझी पहिली आयडिया हीच होती: एक 'ए' वाढवू, मध्ये डॅश टाकू, शेवटी १२३ लावू. असं केलं तर जो चुकून साधं स्पेलिंग टाकेल तो थेट दुसऱ्याच्या दारात जाणार. म्हणजे जाहिरात आपली आणि गिऱ्हाईक त्याचं! शिवाय दुसऱ्याच्या नावाजलेल्या नावाजवळ मुद्दाम गेलात तर कोर्टाची पायरी चढावी लागेल. 'रेडिफ'मधल्या 'ई'च्या जागी 'ए' घालून कोणीतरी 'रॅडिफ' हे नाव घेतलं होतं. १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयाने ते वापरायला मनाई केली. पुढे २००४ मध्ये 'सिफी'च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की डोमेन नेम हा नुसता पत्ता नाही, व्यापारी नावासारखं त्यालाही संरक्षण आहे.

३) विंग बदला, पण बघून. फेब्रुवारी २००५ पासून डॉट इन सर्वांना खुलं आहे. ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीत डॉट भारतही आहे. (डॉट एसी डॉट इन मात्र फक्त शिक्षणसंस्थांना मिळतं.) पण डॉट कॉमवाला आपलाच धंदा करत असेल तर नुसतं शेपूट बदलून भागत नाही. लोकांच्या बोटांना कॉमची सवय आहे, बुकिंगचे मेल तिकडेच जातील.

४) आडनाव लावा. हे मला इंटरनेटने नाही, काकांनी शिकवलं. मी तासभर डोकं धरून बसलेला पाहून ते म्हणाले, "अरे बाबू, आपल्या गावाले तरी नुसतं नाव कुठं पुरलं? त्यायनं घाडगे लावलं, आपण लाड लावलं. तवा कुठं वळखू आलं!" मी बघतच राहिलो. डीएनएसच्या कितीतरी आधी आमच्या लोकांनी हा प्रश्न सोडवला होता! त्यांनी 'कारंजा २' केलं नाही, स्पेलिंग मोडलं नाही. जे खरं होतं आणि लोकांच्या तोंडी होतं, तेच जोडलं. तुमच्या नावालाही गाव, काम किंवा घराणं जोडा. नाव लांबलं तरी चालेल; दोन टिंबांमधल्या नावाला ६३ अक्षरांपर्यंत परवानगी आहे.

५) फोनवर सांगून बघा. मी शेजारच्या खोलीतून काकांना फोन लावला आणि भक्त झालो. "साइटचं नाव सांगा." डॅशवालं नाव सांगताना काका तीनदा अडले. मी विचारलं, "डॅश म्हणजे काय हो?" तर त्यांनी फोनच ठेवला! लॉजचं नाव आणि पुढे 'कारंजालाड' हे मात्र एका दमात सांगून झालं. 'लाड'मध्ये एक 'ए' की दोन, एवढीच शंका उरली, म्हणून दोन्ही स्पेलिंगं घेतली. एकावर टाइप केलं तरी दुसरं उघडतं.

६) स्वतःच्या नावावर आणि कायमच्या ई-मेलवर घ्या. हे होस्टेलवाल्यांनी विशेष लक्षात ठेवा. आमच्या एका सीनिअरने प्रोजेक्टच्या साइटचं नाव कॉलेजच्या ई-मेलवर घेतलं होतं. पास आउट झाल्यावर तो मेल बंद पडला, रिन्यूअलच्या सूचना त्याच मेलवर जात राहिल्या आणि साइट ज्या दिवशी इंटरव्ह्यूत दाखवायची त्याच दिवशी उघडेना! काकांचं नाव मी काकांच्याच ई-मेलवर घेतलं, पासवर्ड त्यांच्या वहीत लिहून दिला. साइट बनवून देणारा पुतण्या असला तरी मालक काकाच.

असो. काकांनी आता नवीन कार्डं छापली आहेत. वर साइटचं नाव, खाली 'कारंजा लाड, जि. वाशीम, ४४४१०५'. त्या आजींच्या घरच्यांनाही एक पाठवलं आहे. पुढच्या वेळी उजेडात पोचा, असा निरोपही दिला आहे.

तुम्हीही कधी दर्शनाला या. फक्त येताना 'लाड' विसरू नका!