तार कोठवर पोहोचली?

१९९४ साली अमेरिकेतील ३५ टक्के सरकारी शाळांत इंटरनेट होते. मात्र अध्यापनाच्या खोल्यांपैकी केवळ ३ टक्के जोडलेल्या होत्या. तार शाळेत आली होती, विद्यार्थ्यापर्यंत पोहोचली नव्हती.

९ मार्च १९९६ रोजी, ‘नेटडे’च्या दिवशी, कॅलिफोर्नियात हजारो स्वयंसेवकांनी शाळांतून तारा ओढल्या, त्यांत राष्ट्राध्यक्ष क्लिंटनही होते. पण श्रमदानाने दरमहाचे बिल भरले जात नाही. त्याच वर्षीच्या दूरसंचार कायद्यातून ‘ई-रेट’ योजना आली. तिच्यात सवलत २० ते ९० टक्के; गरीब विद्यार्थी जितके अधिक, तितकी ती मोठी. २००० साली ७७ टक्के खोल्या जोडलेल्या होत्या.

समतेचा अर्थ या तरतुदीत आहे. माजी विद्यार्थ्यांनो, शाळेला संगणक भेट देताना एवढे अवश्य विचारावे : तो मुलांच्या हाती किती तास राहील आणि त्याचे बिल कोण भरील?