घडीची सायकल : एक तौलनिक विचार

जोगेश्वरीसारख्या उपनगरात घर ते स्थानक हा अल्प मार्गच पुष्कळदा प्रवाशास अधिक शिणवितो. रिक्षासाठी तिष्ठत राहावे तर वेळ जातो. सायकलने जावे तर ती दिवसभर ठेवावी कोठे, हा प्रश्न उरतो. घडी घालून हाती धरता येणारी सायकल ही अडचण कितपत दूर करते, ह्याचा विचार आपण करू.

ही कल्पना नवी नव्हे. दुसऱ्या महायुद्धात बी. एस. ए. कारखान्याने ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांसाठी दुमडणारी सायकल बनविली होती. नागरी वापराच्या घडीच्या सायकलींत दोन घराणी विशेष प्रसिद्ध आहेत. अँड्र्यू रिची ह्या इंग्रज अभियंत्याने 1975 च्या सुमारास लंडन येथे ब्रॉम्प्टनची रचना आरंभिली, तर डॉ. डेव्हिड हॉन ह्या पदार्थवैज्ञानिकाने 1982 साली कॅलिफोर्नियात डॅहॉन कंपनी स्थापिली.

ब्रॉम्प्टनची चाके प्रायः 16 इंची असतात. तिचे मागील चाक सांगाड्याखाली वळते व तेलकट साखळी दोन्ही चाकांच्या मध्ये झाकली जाते. त्यामुळे कपडे मळत नाहीत. तिची घडी सुमारे 58 सेंटीमीटर लांब, 57 उंच व 27 रुंद होते. डॅहॉनच्या पुष्कळ सायकलींची चाके 20 इंची असून सांगाडा मधोमध बिजागरीवर दुमडतो. ही घडी सोपी, परंतु आकाराने मोठी.

लहान चाकामुळे पाय अधिक वेळा फिरवावे लागतात, असा समज आहे. गणित काय सांगते ते पाहा. 26 इंची चाकाच्या सायकलीस पुढे 40 व मागे 20 दात असल्यास पायडलाच्या एका फेऱ्यात चाक दोनदा फिरते; 26 × 2 = 52. चाक 20 इंची करून पुढे 52 व मागे 20 दात ठेविले, तर 20 × 2.6 = 52. दोन्ही सायकली एका फेऱ्यात सारखेच, म्हणजे सुमारे 4.15 मीटर, अंतर तोडतात.

लहान चाकाचा खरा दोष निराळा. त्रिज्या लहान असल्याने ते खड्ड्यात अधिक खोल उतरते व धक्का जोराने बसतो. पावसाळ्यात पाण्याखालील खड्डा दिसत नाही, तेव्हा हा दोष जिवावर बेतू शकतो.

म्हणून निवड मार्गावरून करावी. जिने चढणे व वाहने बदलणे अधिक असेल, तर 16 इंची बरी. रस्त्यावरचे अंतर अधिक असेल, तर 20 इंची. सायकल वाहनात न्यावयाचीच नसेल, तर साधी सायकलच स्वस्त व भक्कम. पालकांनी खरेदीपूर्वी मुलास ती उचलून जिना चढावयास लावावे. दहा-बारा किलोंचे ओझे तेव्हाच कळते. बिजागरीचा खटका प्रत्यही तपासावा, कारण तो वाटेत सुटल्यास अपघात ठरलेलाच.

आणखी एक गोष्ट. 2023 साली मेट्रोचे जोगेश्वरी पूर्व स्थानक सुरू झाले. तेथे वा लोकलमध्ये सायकल नेण्यापूर्वी तेथील नियम विचारून घ्यावा. सकाळच्या गर्दीत, जेथे माणसास उभे राहावयास जागा नाही, तेथे नियम अनुकूल असला तरी घडी पुढे रेटू नये. आपली सोय शेजाऱ्याची गैरसोय होऊ न देणे, हे विद्यार्थ्यांनी गणिताइतकेच ध्यानी धरावे.