बलवर्धक व्यायाम आणि अर्धशक्तीची मात्रा

नेसरीच्या परिसरात बलोपासनेचे महत्त्व नव्याने सांगावे लागत नाही. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी याच खिंडीत सरसेनापती प्रतापराव गुजर सहा साथीदारांसह धारातीर्थी पडले. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात कुस्ती बहरली आणि १९१२ साली खासबाग मैदान उभे राहिले. जोर, बैठका, मुद्गल, करेला ही साधने आपल्या तालमींना पूर्वीपासून परिचित आहेत. आज ज्यास भारव्यायाम म्हणतात, त्याचेच हे देशी स्वरूप होय. मात्र हा व्यायाम मल्लांपुरताच आहे, हा समज दूर करणे आवश्यक असल्याने हा विषय येथे मांडीत आहोत.

शास्त्रदृष्टी : वाग्भटाचार्यांनी व्यायामाची फले लाघव, कर्मसामर्थ्य, अग्निदीप्ती, मेदक्षय आणि अवयवांची सुविभक्त घनता अशी सांगितली आहेत. सुश्रुताचार्य तर रूपहीन मनुष्यही व्यायामाने सुदर्शन होतो व जरा त्याच्यावर एकाएकी आक्रमण करीत नाही, असे म्हणतात. म्हणजे आरोग्य आणि सौंदर्य ही येथे दोन भिन्न फले नाहीत. मांसधातू दृढ झाला की अंगकाठी सरळ राहते, उदर आत जाते व कांतीही सुधारते.

आधुनिक मत : तिशीनंतर स्नायूंचे वस्तुमान दर दशकात साधारणतः ३ ते ८ टक्के घटते. भोजनोत्तर रक्तशर्करेचा मोठा भाग स्नायूच शोषून घेतात. म्हणून मधुमेहात स्नायुबल हे औषधाइतकेच मोलाचे ठरते. १९९० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नव्वदीच्या घरातील वृद्धांनी आठ आठवडे पायांचा भारव्यायाम केला व त्यांचे पायांचे बल दुपटीहून अधिक वाढले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्यातून किमान दोन दिवस बलवर्धक व्यायाम सांगितला आहे. केवळ चालण्याचा सल्ला देऊन आपले कर्तव्य पूर्ण होत नाही.

मात्रा : वृद्धांना तर व्यायाम निषिद्ध आहे, अशी शंका येथे उपस्थित होईल. तो निषेध बलाबल न पाहता केलेल्या व्यायामास लागू आहे, असे आमचे मत आहे. अर्धशक्ती हे त्याचे माप होय. कपाळ, नाक व काखेत घाम येणे, तोंडास कोरड पडणे आणि तोंडाने श्वास घ्यावासा वाटणे, ही अर्धशक्तीची लक्षणे दिसताच थांबावे. शीतकाळात व वसंतात अर्धशक्तीपर्यंत, तर ग्रीष्म व वर्षा ऋतूंत त्याहून कमी व्यायाम करावा.

साठीच्या रुग्णास खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीवर जोर आणि पाण्याने भरलेली लिटरची बाटली उचलणे, एवढे प्रारंभी पुरे. प्रत्येक प्रकार ८ ते १२ वेळा, आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती. श्वास रोखू नये. अनियंत्रित रक्तदाब, हृद्रोग, अंत्रवृद्धी किंवा दृष्टिपटलाचा मधुमेहजन्य विकार असल्यास आधी तपासणी करावी. इन्सुलिन घेणाऱ्यास शर्करा घटण्याची लक्षणे समजावून सांगावीत.

आहार व औषध : व्यायाम सुटला पण खुराक सुटला नाही, अशा माजी मल्लांत मेदोरोग बळावतो, हे सर्वांस ज्ञात आहे. म्हणून दूध, उडीद, तूप व बदामाची थंडाई ही अग्नी व श्रम पाहूनच सांगावी. अश्वगंधा बृंहण व बल्य खरी. परंतु ती व्यायामाची जागा घेऊ शकत नाही.

औषधविक्रेत्या बंधूंस विशेष विनंती आहे. महिन्याभरात पिळदार शरीराचे आश्वासन देणाऱ्या चूर्णांत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार उघडकीस आलेले आहेत. अशा द्रव्याने तरुणांच्या यकृतास व प्रजननक्षमतेस हानी पोहोचू शकते. उत्पादन परवाना क्रमांक, घटकद्रव्ये व मुदत पाहिल्याविना असे चूर्ण दुकानात ठेवू नये. त्या विक्रीतील नफ्यापेक्षा गावाचा विश्वास मोठा आहे.

औषधाची मात्रा आपण चिठ्ठीवर लिहून देतो. व्यायाम मात्र तोंडी सांगतो व रुग्ण तो विसरतो. यापुढे औषधाखालीच व्यायामाचा प्रकार, संख्या व दिवस लिहून द्यावेत, आणि पुढील भेटीत औषधाबरोबर त्याचीही विचारपूस करावी, ही वैद्यबंधू-भगिनींस नम्र सूचना.