विवाहित कन्या आणि वृद्ध माता

“मुलगी सासरी गेली, आता आईची जबाबदारी भावांची,” ही समजूत आपल्याही घरांत रूढ आहे. कुरआनला ती मान्य नाही. सूरह बनी इस्राईलच्या 23व्या आयतीत अल्लाहने आपल्या उपासनेच्या आज्ञेला जोडूनच मातापित्यांशी सद्वर्तनाची आज्ञा दिली आहे आणि वार्धक्यात त्यांना ‘उफ’देखील म्हणण्यास मनाई केली आहे. ही आज्ञा केवळ पुत्रांसाठी नाही.

हजरत अस्मा (र.) विवाहानंतर मदीनेत राहत होत्या. हुदैबियाच्या तहाच्या काळात त्यांची अनेकेश्वरवादी आई काही आशा मनात धरून त्यांच्याकडे आली. आईशी संबंध राखावेत काय, असे त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले. प्रेषितांनी होकार दिला. सहीह बुखारी व सहीह मुस्लिममध्ये हा प्रसंग आला आहे.

श्रद्धेच्या भेदानेही जे नाते तुटले नाही, ते जुन्या रागाने किंवा वाटणीच्या वादाने तोडावे काय? थकलेली आई तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारते, तेव्हा ‘उफ’ ओठांवर येते. कन्येची खरी कसोटी त्याच क्षणी असते. पतीनेही या कर्तव्यात तिला अडवू नये, साथ द्यावी.

पुढच्याच आयतीत अल्लाहने मातापित्यांसाठी दयेची दुआ शिकविली आहे. भगिनींनो, आई हयात असतानाच तिच्याजवळ बसून ती दुआ करा.